कोणतीही व्यक्ती

ते गेल्याचं मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. यात कुणाचा दोष नव्हता. कळवायच्या माणसांची यादी घरातली माणसं करतात, आणि त्या यादीत मी बसावं असं माझं त्यांच्याशी काही नातं नव्हतं. दोन शनिवार ते ग्रंथालयात आले नाहीत. त्यानंतरच्या सोमवारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. भावाच्या कपाटात आमच्या ग्रंथालयाची तीन पुस्तकं सापडली होती, ती परत करायची होती आणि दंड किती होईल ते तिला हवं होतं.

मी विचारलं, "ते स्वतः नाही येणार?"

"अहो, तो गेला ना. आज नववा दिवस."

"दंड नाही," मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ग्रंथालय आहे. तिथे मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावरही दुपारी जाऊन बसते, कारण घरी बसण्यापेक्षा ते बरं. ते पहिल्यांदा आले त्याला बावीस वर्षं झाली. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. लग्न केलं नव्हतं, शहाडला नदीच्या बाजूला एका खोलीत राहायचे. आले ते तक्रार घेऊनच. हातात आमचंच एक जुनं प्रवासवर्णन होतं.

"हे कुणी केलं?" त्यांनी फाटलेल्या पानावरची चिकटपट्टी दाखवली.

"मी."

"पुस्तकाला बँडेज बांधलंय तुम्ही. पाच वर्षांनी सुटेल तेव्हा कातडी घेऊन सुटेल."

मला राग आला होता. मी म्हटलं, मग तुम्ही करून दाखवा. पुढच्या शनिवारी तीन वाजता ते स्टीलच्या डब्यात खळ घेऊन आले. त्यानंतर दर शनिवारी तीन ते सहा, मागच्या टेबलावर. नोकरीत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावरही शनिवारीच. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना अहोजाहोच केलं. ते मला 'बाई' म्हणत, जसं बहुतेक सगळेच म्हणत.

त्या खळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. जुने बाइंडर मैद्याची खळ करायचे आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी, आणि कागद हिरवट करून टाकतो. यांनी चिंचोके घेतले. भाजायचे, वरचं तांबडं साल काढायचं, रात्रभर भिजवून वाटायचे, शिजवून फडक्यातून गाळायचे. आच बंद केल्यावर, खळ हाताला सोसेल इतकी निवल्यावर, तिच्यात चुन्याची निवळी घालायची, आणि अगदी शेवटी लवंगेच्या तेलाचे थेंब. निवळी गरम खळीत घातली तर गुठळ्या होतात. हा क्रम आणि ही प्रमाणं ठरवायला त्यांना सहा वर्षं लागली. त्या खळीने चिकटवलेला कागद ओल्या बोळ्याने पुन्हा सोडवता येतो, पान पिवळं पडत नाही, झुरळ त्याच्या वाटेला जात नाही. बावीस वर्षांपूर्वीचं त्यांचं पहिलं पान अजून आमच्याकडे आहे. जोड शोधावा लागतो.

वर्षातून एकदा ते ग्रंथालयात शिबिर घ्यायचे. शाळांचे ग्रंथपाल यायचे, दोनचार बाइंडर, कॉलेजची मुलंमुली, कुणी घरातल्या पोथ्या घेऊन. आमच्या समितीतले एकजण त्यांना म्हणाले होते, "अहो, फुकट काय वाटता? गुपित ठेवा, चार पैसे मिळतील."

"कसलं गुपित? चिंचोका आहे तो," ते म्हणाले.

एका वर्षी मी मागे लागले की हे सगळं लिहून द्या. दोन शनिवार माझ्या टेबलावर बसून त्यांनी लिहिलं. मी समोर बसून नवीन पुस्तकांना क्रमांक घालत होते. चार पानं झाली. मी म्हणाले, खाली नाव घाला.

"नको. नाव घातलं की लोक मला विचारायला येतील. त्यांनी करून बघावं. दोनदा खळ करपली की तिसऱ्यांदा येते."

"पण लेखक कोण म्हणून मी काय लिहू?"

"काही लिहू नका."

आमच्या ग्रंथालयात एक शिस्त आहे, ती माझ्याही आधीच्या ग्रंथपालांनी घातलेली. कागद कुठलाही असो, दाखल झाल्याशिवाय कपाटात जायचा नाही. दाखल नोंदवहीत क्रमांक, तारीख, शीर्षक, लेखक, आणि पहिल्या व शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का. समितीतली माणसं मला चिडवत, बाई उद्या इस्त्रीवाल्याची चिठ्ठीसुद्धा दाखल करतील. त्या चार पानांची झेरॉक्स मी दाखल केली. लेखकाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. माझ्या नोकरीत मी जाणूनबुजून केलेली ती एकच खोटी नोंद. रेघ म्हणजे लेखक माहीत नाही. मला माहीत होता.

तेराव्याला मी कल्याणला बहिणीच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं, पण पुस्तकं आणायची होती, ते निमित्त होतं. दाराशी चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या? सासरकडच्या?" त्यांच्या डोक्यात कोणाचं सासर होतं कोण जाणे. "ग्रंथालयातली," मी म्हणाले. "अच्छा, ऑफिसच्या," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या बाईशी बोलू लागल्या. भिंतीवर त्यांचा फोटो होता, कुठल्याशा लग्नातला, कोट घातलेला. मी त्यांना कोटात कधीच पाहिलं नव्हतं. तिथे जमलेल्या सगळ्यांना त्यांच्याबद्दल काही ना काही आठवत होतं, आणि त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. मला जे माहीत होतं ते सांगायला जागा नव्हती. पुस्तकं पिशवीत घालून मी निघाले.

घरी दुखवटा पाळणाऱ्या माणसाला निदान दिवस आखून दिलेले असतात. अमुक दिवशी हे करा, तमुक दिवसापासून ते चालेल. मला कुणी काही आखून दिलं नव्हतं, त्यामुळे कुठे थांबायचं तेही कळत नव्हतं. शनिवारी दुपारी मी मागच्या टेबलावर कुणाला बसू द्यायची नाही. एकदा स्पर्धा परीक्षेच्या एका मुलीला मी उठवलं, आणि ती मुकाट्याने उठली, तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

आठ महिने असे गेले. मग त्यांच्या शिबिरात शिकलेली एक मुलगी, जी आता जुन्या कागदपत्रांच्या दुरुस्तीचंच काम करते, तिने फोनवर एक फाईल पाठवली आणि खाली लिहिलं, 'ताई, हे सरांचंच आहे ना?'

तो पेटंटचा अर्ज होता. अर्ज केल्यावर दीडेक वर्षाने तो पेटंट कार्यालयाच्या सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, तेव्हाच तो बाहेरच्यांना दिसतो, हे मला नंतर कळलं. कोलशेतकडचा पत्ता असलेली एक कंपनी, ग्रंथालयांना दुरुस्तीचं सामान पुरवणारी. इंग्रजी इतकं जड की त्यात चिंचोका कुठे आहे ते मला तिसऱ्या वाचनात सापडलं. पण क्रम तोच होता. गाळायचं, निवू द्यायचं, मग चुन्याची निवळी, मग लवंगेचं तेल. प्रमाणंही तीच, फक्त 'इतक्यापासून तितक्यापर्यंत' अशी ऐसपैस करून लिहिलेली. शोधक म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ दोन वर्षं शिबिराला आलेले होते. पहिल्या रांगेत बसायचे, सुंदर अक्षरात टिपणं काढायचे, जाताना खुर्च्या उचलू लागायचे. मला ते लबाड वाटले नव्हते, आणि खरं सांगायचं तर आजही वाटत नाहीत. बहुतेक काही वर्षं तीच खळ करता करता ती आपलीच आहे असं त्यांना खरोखर वाटू लागलं असावं.

अर्जाची तारीख मी पुन्हा पुन्हा पाहिली. तो दिला गेला तेव्हा हे हयात होते. शनिवारी येत होते. कुणीतरी त्यांना विचारू शकलं असतं.

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर एक वकील बसतात. विद्यार्थी असताना ते आमच्या ग्रंथालयात वाचायला यायचे, आणि आता पेटंटचीच कामं करतात. मी त्यांची ती चार पानांची पत्रिका, नोंदवहीची झेरॉक्स आणि तो अर्ज घेऊन गेले.

"या बाई. अजून दंड घेता का हो उशीर झाला की?"

"घेते."

"माझा एक राहिलाय वाटतं," ते हसले. मग कागद वाचू लागले आणि हसणं थांबलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे कपाटात होतं? वाचकांना मिळायचं?"

"मिळायचं. घरीही न्यायचे."

"तारीख अर्जाच्या नऊ वर्षं आधीची आहे. विरोध करता येईल."

मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "पण करायचा कुणी? त्यांना बहीण आहे. मी त्यांची कुणी नाही."

"कोणतीही व्यक्ती."

"म्हणजे?"

"कायद्यात तसंच आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती लेखी विरोध करू शकते. तुम्ही, मी, खालचा कंपाउंडर. अधिकारी आधी बघतात की विरोधात काही दम आहे का, पण तुम्ही कोण हे त्यांना महत्त्वाचं नाही. एकदा मंजूर झालं की मग मात्र 'हितसंबंध असलेली व्यक्ती' लागते, तीही वर्षाच्या आत. तेव्हा तुम्हाला विचारतील, बाई, तुमचा यात काय संबंध? आज नाही विचारणार."

मी खुर्चीतच बसून राहिले. दवाखान्यात, महापालिकेत, बँकेत, त्या तेराव्याच्या घरात, सगळीकडे माणसाला आधी तेच विचारतात. त्यांच्या आजारपणात मला कळलं असतं आणि मी दवाखान्यात गेले असते, तरी तिथेही तेच विचारलं असतं. आणि इथे कायद्याची एक खोली अशी होती की जिच्या दाराशी तो प्रश्न नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. पण 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द ऐकताना मला हेही कळलं की माझी जागा नेमकी तीच आहे. खालच्या कंपाउंडरची जितकी, तितकीच.

"जिंकलो तर त्यांचं नाव लागेल ना, त्या गृहस्थांच्या जागी?" मी विचारलं.

वकिलांनी चष्मा काढला. "नाही. तुमचा तसा समज होता का? विरोधाने पेटंट अडतं. ते दुसऱ्याला मिळत नाही. जिंकलो तर खळ कुणाचीच राहणार नाही. म्हणजे सगळ्यांची."

मी रात्रभर विचार करते म्हणून सांगून निघाले. विचार करण्यासारखं काही नव्हतं. नाही केलं तर उद्या शाळेतल्या एखाद्या ग्रंथपालाने चिंचोके भिजत घातले तर तिला परवानगी मागावी लागणार होती, आणि ती मागायची कुणाकडे, तर खुर्च्या उचलू लागणाऱ्या त्या गृहस्थांकडे. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

तरी बहिणीला सांगणं भाग होतं. कायद्याला गरज नसली तरी मला होती. शिवाय त्यांच्या वह्या हव्या होत्या. सहा वर्षांचे प्रयोग त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहिले होते, ते मी पाहिलेलं होतं.

"वह्या?" ती म्हणाली. "अहो, त्या रद्दीत गेल्या की. शहाडची खोली मालकाला पंधरा दिवसांत रिकामी करून हवी होती. पेपर, वह्या, बाटल्या, सगळंच एका टेम्पोत. मला काय माहीत त्यात काय होतं?"

"नाही, तुम्हाला कसं माहीत असणार."

मी अर्जाचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा बंद होत गेला.

"मेलेल्या माणसाला कोर्टात कशाला उभं करता?"

"कोर्ट नाही. पेटंटचं कार्यालय आहे."

"तेच ते. कागदावर नाव येणार, लोक वाचणार. आणि तुमचं पण येणार ना? मग विचारणार ना लोक, ही बाई कोण याची? मी काय सांगू? भावाने लग्न नाही केलं, त्यावरून आईने काय काय ऐकलंय ते तुम्हाला नाही माहीत."

"लायब्ररीच्या बाई म्हणून सांगा."

"लायब्ररीची बाई एवढं करते का कुणासाठी?" ती म्हणाली. मग मला वाटतं तिलाच ते लागलं, कारण ती आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. "माझं काही नाही म्हणणं. तुम्हाला करायचं ते करा. मला सही-बिही मागू नका."

सही लागणारच नव्हती. ते मी तिला सांगितलं नाही.

विरोधाचा अर्ज वकिलांनी तयार केला. त्याला जोडायला माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं. पत्रिका केव्हा दाखल झाली, कपाटात कुठे होती, कुणी नेली. ते सगळं मी एका बैठकीत लिहून दिलं. पत्रिकेला त्यांनी स्वतः पुठ्ठा लावला होता आणि मागे परतीच्या तारखांची चिठ्ठी मी डकवली होती. तिच्यावर अकरा शिक्के होते. अकरा वेळा ती कुणा ना कुणाच्या घरी जाऊन आली होती.

"एक राहिलं," वकील म्हणाले. "लिहिली कुणी? तुम्ही म्हणताय म्हणून मला माहीत आहे. नोंदवहीत रेघ आहे. विरोध करायला संबंध लागत नाही बाई, पण साक्ष द्यायला लागतो. तुम्हाला हे कसं माहीत, ते सांगावं लागेल. हा परिच्छेद घातलाच पाहिजे असं नाही. नुसती तारीख पुरेशी आहे. पण तुम्हाला त्यांचं नाव फाईलवर हवं असेल तर हीच एक जागा आहे."

तो परिच्छेद लिहायला मला अकरा दिवस लागले. 'मयत माझे परिचित होते.' परिचित तर भाजीवालाही असतो. 'सहकारी' म्हणावं तर ते ग्रंथालयाच्या नोकरीत नव्हते. 'मित्र' हा शब्द लिहून मी बराच वेळ पाहत बसले. आमच्या वयाच्या बाईने डोंबिवलीत हा शब्द लिहिला की वाचणारा तो पुन्हा वाचतो. शिवाय तो खराही नव्हता, कारण आम्ही एकमेकांना तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि आता एकटीने ते ठरवणं मला योग्य वाटेना. ज्याला विचारायचं तो माणूस नव्हता. मी कागदामागून कागद फाडले. लोकांच्या लग्नपत्रिका, आभारपत्रं, शोकसभेचे ठराव मी आयुष्यभर लिहून दिले आहेत. शब्द मला कधी कमी पडले नव्हते.

अकराव्या दिवशी मी नातं लिहायचं सोडून दिलं आणि जे पाहिलं ते लिहिलं. 'सदर पत्रिका त्यांनी दोन शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळात ग्रंथालयात माझ्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने लिहिली. मी त्यांच्या समोर बसले होते.' खाली त्यांचं पूर्ण नाव.

वकिलांनी वाचलं. "नातं कुठे आहे?"

"लागतं का?"

त्यांनी पुन्हा वाचलं. "नाही. साक्षीला एवढं पुरे आहे." मग म्हणाले, "यापेक्षा जास्त असतं तर कमी वाटलं असतं."

सुनावणी काही महिन्यांनी झाली, संगणकाच्या पडद्यावरच. वकिलांच्या कार्यालयात मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खालून दवाखान्यातल्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. कंपनीच्या बाजूने एक तरुण वकीलबाई होत्या, हुशार, नीट तयारी केलेल्या. त्यांचा पहिला मुद्दाच मी होते. विरोध करणाऱ्या बाई खळ बनवत नाहीत, विकत नाहीत, संशोधन करत नाहीत. निवृत्त आहेत. यांचं यात काहीही हित नाही. मग या आल्या कशा?

अधिकाऱ्यांनी मान वर न करता सांगितलं की या टप्प्यावर ते पाहायचं कारण नाही, पुढे बोला.

एका वाक्यात संपलं ते. मी त्या वाक्यासाठी इतके महिने मनात उत्तरं तयार करत होते.

मग त्या बाईंनी कपाटाचा मुद्दा काढला, की ते कुलपात असायचं. आमच्या वकिलांनी अकरा शिक्क्यांची चिठ्ठी दाखवली. मग त्यांनी रेघेचा मुद्दा काढला. लेखकाचा रकाना रिकामा आहे, आणि ज्या माणसाचं नाव बाई सांगतात तो हयात नाही, कुठलीही वही नाही, टिपण नाही, तेव्हा हा परिच्छेद विचारात घेऊ नये. अधिकारी म्हणाले, लेखक कोण हे इथे ठरवायचं नाही. कागद अर्जाच्या आधी लोकांना खुला होता का, एवढंच ठरवायचं आहे.

म्हणजे रेघेने काही बिघडलं नाही आणि माझ्या परिच्छेदाने काही साधलं नाही.

आदेश आला तेव्हा दुपार होती. मी ग्रंथालयात होते. अर्ज नामंजूर झाला होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, संपादकाने वाचावा तसा. पत्रिकेला त्यात एक क्रमांक दिला होता आणि सगळीकडे तिचा उल्लेख त्या क्रमांकानेच होता. माझा उल्लेख 'विरोधक'. त्यांचा उल्लेख नव्हता. लेखकत्वाच्या प्रश्नात जाण्याची आवश्यकता नाही, असं एक वाक्य होतं, तेवढंच. दुरुस्तीचं काम करणाऱ्या त्या मुलीचा फोन आला. "ताई, जिंकलो!" ती ओरडली. मी म्हणाले, हो. पाच वाजले होते. मागच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची ती मुलगी वाचत बसली होती. हे ज्यांना सांगायचं असं एकच माणूस होतं, आणि तो शनिवार नव्हता, आणि असता तरी.

फोन करणाऱ्या त्या मुलीला पत्रिका नव्याने छापून सगळ्या ग्रंथालयांना पाठवायची होती. "या वेळी सरांचं नाव घालायचंच," तिने बजावलं. मी हो म्हणाले नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी कल्याणला गेले.

बहीण मेथी निवडत होती. मला पाहून तिने पाट पुढे सरकवला नाही, खुर्चीच दाखवली, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"झालं का ते तुमचं?"

"झालं. कंपनीला पेटंट मिळालं नाही."

"मग आपल्याला काय मिळालं?"

"काही नाही. आता कुणीही करू शकेल ती खळ."

"आणि त्याचं नाव?"

"आदेशात नाही. मी दिलेल्या कागदात आहे, तो फाईलला राहील. कुणी फाईल काढली तर दिसेल."

"कोण काढणार?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

ती मेथीच्या काड्या बाजूला काढत राहिली. मग मी छपाईचं सांगितलं. "त्यावर नाव घालायचं का, हे विचारायला आले. वारस तुम्ही आहात."

"तो काय म्हणायचा?"

"नको म्हणाले होते. म्हणाले, नाव घातलं की लोक विचारायला येतात. त्यांनी करून बघावं."

ती एकदम हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि हसल्यावर ती त्यांच्यासारखी दिसते हेही. "असाच होता हो. आई म्हणायची, भाजीत मीठ किती घालू सांग रे, तर म्हणायचा, चाखून बघ. सांगायचा नाही म्हणजे नाही." मग हसणं ओसरलं. "मग नका घालू. आणि मला कशाला विचारता? तुम्हालाच माहीत आहे ना तो काय म्हणायचा."

मी मान हलवली. जे व्हावं म्हणून मी हा सगळा खटाटोप केला होता, त्यालाच आता मी नको म्हणत होते. पण त्यात मला हरल्यासारखं वाटलं नाही. कुणाला तरी ते ठरवायचं होतं, आणि त्यांचं म्हणणं माझ्याखेरीज कुणाजवळ नव्हतं.

निघायला उठले तशी ती म्हणाली, "एक विचारू? शनिवारी कुठे जातोस म्हणून विचारलं की म्हणायचा, काम आहे. एवढी वर्षं. सणवार असला तरी. एकदा माझ्या मुलीला बघायला येणार होते शनिवारी, तरी आला नाही, मी सहा महिने बोलले नव्हते त्याच्याशी. काय करायचा तो तिथे? तुमच्याशी बोलायचा का?"

"नाही. फार नाही."

"मग?"

मी पुन्हा बसले. "तीन वाजता यायचे," मी म्हणाले. "आल्या आल्या मागची खिडकी उघडायचे. कितीही धूळ येत असली तरी. मग..."

"थांबा," ती म्हणाली. मेथीचं ताट तिने बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "गॅसवर दूध आहे, ते बंद करून येते. मग पहिल्यापासून सांगा."